पाण्यात पाहणे : बर्फाखालचा मासा आणि कॅमेऱ्याचा डोळा

आपल्या भाषेत एखाद्याला ‘पाण्यात पाहणे’ म्हणजे त्याचा मनापासून द्वेष करणे. परंतु पृथ्वीच्या उत्तर भागात असे लाखो लोक आहेत, की जे दर हिवाळ्यात खरोखरीच पाण्यात पाहत बसतात, आणि तेही फूटदीड फूट जाडीच्या बर्फाला भोक पाडून! त्यांचे कोणाशी वैर नसते. त्यांना पाहायचा असतो तो मासा. गोठलेल्या तळ्यावर बसून गळाने मासे धरण्याचा हा छंद आणि त्यात गेल्या पंचवीसतीस वर्षांत शिरलेला पाण्याखालचा कॅमेरा, हा आपल्या आजच्या विवेचनाचा विषय आहे. ज्यांच्या गावची नदी जन्मात कधी गोठली नाही अशा आपण मंडळींना या विषयाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे, की यंत्राने माणसाला नवा डोळा दिला म्हणजे त्याच्या जुन्या समजुतींचे काय होते आणि त्याच्या हावेचे काय होते, हे पाहण्यास याहून आटोपशीर उदाहरण आम्हांस तरी दुसरे आढळले नाही.

कल्पनेने आपण अमेरिकेच्या उत्तर सीमेवरील मिनेसोटा राज्यात जाऊ. ‘दहा हजार तळ्यांचा प्रदेश’ हे बिरुद त्या राज्यातील मोटारींच्या नंबरपाट्यांवर छापलेले असते, आणि प्रत्यक्षात तळी त्याहूनही अधिक आहेत. हिवाळ्यात त्यांवर बर्फाचे झाकण बसते. पण तळे गोठते म्हणजे तळापर्यंत त्याचा दगड होतो असे नव्हे. बहुतेक पदार्थ थंड होतील तसतसे जड होत जातात. पाणी मात्र सुमारे ४ अंश सेल्सियसपर्यंतच हा नियम पाळते. त्याहून थंड झाले की ते पुन्हा हलके होऊ लागते, आणि बर्फ झाल्यावर तर इतके हलके होते की पाण्यावरच तरंगते. म्हणून वर शून्य अंशाचा बर्फ, त्याखाली किंचित उबदार पाणी आणि तळाशी ४ अंशांच्या आसपासचे पाणी अशी हिवाळ्यातील तळ्याची उतरंड लागते. पाण्याचा हा विक्षिप्तपणा नसता, तर थंड देशांतील तळी तळाकडून गोठत आली असती आणि त्यांत मासा औषधालाही उरला नसता.

या झाकणाखाली मासे जगतात, पण त्यांचा संसार आखडलेला असतो. त्यांचे रक्त पाण्याइतकेच थंड. त्यामुळे पचन मंद, हालचाल मंद आणि भूकही थोडी. हवेतून नवा प्राणवायू पाण्यात शिरण्याची वाट बर्फाने बंद केलेली असते. बर्फावर हिमाचा जाड थर साचला, की खालच्या पाणवनस्पतींना ऊन मिळत नाही आणि त्याही प्राणवायू देईनाशा होतात. उथळ तळ्यांत अशा वेळी मासे गुदमरून मरतात. जे जगतात ते बरीच शक्ती राखून, जपून वागतात. असा हा अल्पाहारी, सावध आणि नजरेआड असलेला प्राणी गळाला लावायचा, हे त्या लोकांचे कोडे आहे.

तयारी तशी साधी असते. सुतार लाकडाला गिरमिटाने भोक पाडतो, तसेच पुरुषभर उंचीचे गिरमीट घेऊन बर्फाला सहाआठ इंच व्यासाचे भोक पाडावयाचे. वाऱ्यापासून आडोसा म्हणून वर कापडी तंबू किंवा लाकडी खोपटे उभारावयाचे. दोनअडीच फुटांची छोटी काठी, बारीक तंगूस आणि त्याच्या टोकाला चकाकणारे धातूचे खोटे आमिष किंवा गळाला लावलेला जिवंत किडा, एवढी सामग्री. आमिष तळाजवळ सोडून काठी हलकेच वरखाली करीत राहावयाचे. खाली काय चालले आहे हे सांगणारा दूत एकच, तो म्हणजे दोऱ्यातून बोटाला जाणवणारा झटका. झटका आला नाही, तर खाली मासाच नाही, की मासा आहे पण त्याला भूक नाही, की आमिष आवडले नाही, याचा निर्णय कशावरून करणार? बर्फावरचा मासेमार अनुमानावर जगत असे, आणि चुकलेल्या अनुमानाला ‘आज दैव नव्हते’ असे म्हणून घरी जात असे.

तथापि बर्फाखाली डोळ्यांनी पाहण्याची युक्ती काही आजची नव्हे. उत्तर अमेरिकेतील ओजिब्वे आदी मूळ रहिवासी बर्फाला भोक पाडून त्यावर पालथे पडत आणि डोक्यावरून कांबळे किंवा कातडे ओढून घेत. वरचा उजेड असा अडवला, की बर्फातून झिरपलेल्या प्रकाशाने खालचे पाणी उजळलेले दिसू लागते. भोकात लाकडाचा कोरलेला खोटा मासा फिरवीत ठेवावयाचा आणि त्याला भुलून मोठा मासा जवळ आला की भाल्याने टिपावयाचा, अशी ती रीत होती. आजही मिनेसोटात काळोख्या खोपटात बसून पाईक जातीचे मासे भाल्याने मारण्याचा परिपाठ कायद्याच्या चौकटीत चालू आहे. येथे एक शब्दाची मौज सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘कॅमेरा’ या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ ‘खोली’, आणि छायाचित्रणाच्या यंत्राला ते नाव पडले ते ‘अंधारी खोली’ या अर्थाच्या नावावरून. म्हणजे कांबळ्याखाली डोके घालून पाण्यात पाहणारा ओजिब्वे शिकारी शब्दशः कॅमेऱ्यातच बसलेला होता!

यंत्राचा डोळा पाण्यात गेला तो पुष्कळ नंतर. लुई बुताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९३ साली भूमध्य समुद्रात पाण्याखाली छायाचित्रे घेतली. पाण्याखालच्या टेलिव्हिजनचे सामर्थ्य जगाच्या लक्षात आले ते मात्र एका दुःखद प्रसंगाने. एप्रिल १९५१ मध्ये ‘अफ्रे’ ही ब्रिटिश पाणबुडी ७५ माणसांसह इंग्लिश खाडीत नाहीशी झाली. दोन महिन्यांच्या शोधानंतर तळाशी एक सांगाडा सापडला, आणि खाली सोडलेल्या टेलिव्हिजन कॅमेऱ्याने तिचे नाव वरच्या पडद्यावर दाखविले तेव्हा खात्री पटली. पुढे कॅमेरे लहान व स्वस्त होत गेले, आणि १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मिनेसोटासारख्या प्रदेशात ते सामान्य मासेमाराच्या पिशवीत जाऊन बसले.

दरम्यान दुसरे एक साधन आले होते. पाणबुड्या शोधण्यासाठी वापरावयाची ध्वनिलहरींची विद्या १९५० नंतरच्या दशकात छोट्या पेटीत बसवून मासेमारांना मिळू लागली. पेटीतून ध्वनी खाली सोडावयाचा आणि तो कशावर आदळून किती वेळाने परततो यावरून खोली मोजावयाची, हे तिचे तत्त्व. तळ किती खोल, मधे काही आहे की नाही, आपले आमिष कोठे आहे, हे ती क्षणात सांगते. पण पेटीवर दिसते ती रंगीत रेघ. ती रेघ म्हणजे कोणता मासा, तो आमिषाकडे तोंड करून आहे की पाठ फिरवून, हे साध्या पेटीला सांगता येत नाही. प्रतिध्वनी उपस्थिती सांगतो, वृत्ती सांगत नाही. ही उणीव कॅमेऱ्याने भरून काढली.

या कॅमेऱ्याची रचना समजण्यास कठीण नाही. पाणी न शिरेल अशा मुठीएवढ्या किंवा त्याहून लहान कोशात भिंग व टिपणारा भाग बसवलेला असतो. पन्नास ते शंभर फूट लांबीच्या केबलने तो वरच्या पाचसात इंची पडद्याला जोडलेला असतो, आणि हे सर्व बॅटरीवर चालते. कडाक्याच्या थंडीत बॅटरीची शक्ती बरीच घटते, म्हणून जाणते लोक ती उबेत जपून ठेवतात. कॅमेऱ्यासाठी सामान्यतः दुसरे भोक पाडतात, गळाच्या भोकापासून तीनपाच फुटांवर. त्यातून कॅमेरा आमिषाच्या पातळीपर्यंत सोडावयाचा आणि आमिष पडद्याच्या मध्यावर येईपर्यंत केबल हलकेच पिळून त्याचे तोंड फिरवावयाचे. हे काम ऐकण्यास सोपे वाटले, तरी नवशिक्याचा पहिला अर्धा तास त्यातच जातो. दुसरी रीत म्हणजे कॅमेरा थेट खाली तोंड करून टांगावयाचा. मग मासा कोणत्याही दिशेने आला तरी दिसतो, परंतु वरून दिसत असल्यामुळे तो तोंड उघडतो आहे की नाही हे नीट कळत नाही.

प्रकाशाचा प्रश्न याहून बिकट आहे. पाणी सर्व रंगांना सारखेच वागवीत नाही. तांबडा प्रकाश ते लवकर गिळते, निळा व हिरवा दूरवर जाऊ देते. हिवाळ्याचा एक लाभ असा, की वाऱ्याच्या लाटा थांबल्यामुळे गाळ खाली बसतो, शेवाळ कमी होते आणि पुष्कळ तळ्यांचे पाणी उन्हाळ्यापेक्षा स्वच्छ दिसते. पण संध्याकाळ झाली किंवा खोल उतरले, की दिवा लागतोच. पांढरा दिवा लावावा तर पाण्यात तरंगणारे कण उजळून निघतात आणि धुक्यात मोटारीचे दिवे लावल्यावर होते तशी गत होते. शिवाय मासा बुजण्याचे भय. म्हणून अनेक कॅमेऱ्यांत डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचे दिवे असतात. ते माशाला दिसत नाहीत, परंतु पाणी त्यांना इतक्या त्वरेने शोषून घेते की नजर काही फुटांपलीकडे पोहोचत नाही.

आणखी एक फसगत सांगून ठेवतो. पाण्याच्या तांब्यात टाकलेला पैसा वर आल्यासारखा दिसतो हे आपण लहानपणी पाहिले आहे. त्याच कारणाने सपाट काचेतून पाण्यात पाहिले असता वस्तू सुमारे पाव हिश्श्याने जवळ आणि तिसऱ्या हिश्श्याने मोठी भासते. उलट, रुंद क्षेत्र दाखविणारी भिंगे वस्तूला लहान व दूर दाखवितात. तेव्हा पडद्यावरचा मासा केवढा, याचा निवाडा नुसत्या नजरेने करू नये. आमिषाची लांबी आपल्याला माहीत असते. मासा आमिषाच्या शेजारी आला म्हणजे त्याच्याशी ताडून पाहणे हाच खरा गज.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. पडदा उजळल्यावर या लोकांना दिसले तरी काय? पहिला धक्का असा, की ज्या भोकांना ते वर्षानुवर्षे ‘रिकामी’ म्हणत होते, त्यांतील कित्येक रिकामी नव्हतीच. मासा येतो, हातभर अंतरावर थांबतो, पर हलवीत आमिषाकडे पाहतो आणि आल्या वाटेने निघून जातो. वरच्या माणसाच्या बोटाला यातले काहीही कळत नाही. दुसरा धक्का त्याहून मोठा होता. ब्लूगिल, पर्च यांसारखे मासे भक्ष्याला चावण्यापूर्वी तोंड झटकन उघडून पाण्याच्या ओघाबरोबर ते आत ओढून घेतात. पसंत पडले नाही तर तितक्याच वेगाने बाहेर फुंकून टाकतात. पडद्यावर दिसते, की आमिष तोंडात गेले आणि बाहेरही आले. काठीचे टोक मात्र जागचे हलले नाही! ‘आज मासा टोचतच नाही’ असे म्हणत जे दिवस गेले, त्यांतील काही दिवशी तो चांगला टोचीत होता आणि आपणच बधिर होतो, हे मान्य करणे पुष्कळांना जड गेले असेल.

तिसरी गोष्ट आमिष हलविण्याच्या कलेची. जोरजोराने हलवावे म्हणजे मासा भुलतो अशी सामान्य समजूत. कॅमेरा दाखवितो, की झगमगाटाने मासा दुरून येतो हे खरे, परंतु जवळ आल्यावरही हलविणे तसेच चालू ठेवले तर तो अनेकदा बिचकतो. बोलावण्याची रीत एक आणि बसवून घेण्याची रीत वेगळी. कधी आमिष तळावर आपटून गाळाचा लहानसा ढग उठवला, की पर्चांचा घोळका कुतूहलाने जमतो. वॉलआय नावाच्या माशाची तऱ्हा आणखी निराळी. मिनेसोटाने १९६५ साली याला आपला राज्यमत्स्य ठरविले. त्याच्या डोळ्यात मांजराप्रमाणे प्रकाश परतविणारा पडदा असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला त्याच्या भक्ष्यापेक्षा चांगले दिसते. पहाटे व दिवेलागणीला तो चरण्यास का निघतो, याचे हे एक कारण आहे. गंमत अशी, की कॅमेरा नेमका त्याच वेळी अधू होऊ लागतो.

यावरून यंत्राची मर्यादाही ध्यानात येईल. कॅमेरा एका दिशेला काही फुटांपुरतेच पाहतो. गढूळ किंवा चहाच्या रंगाच्या पाण्यात तो निरुपयोगी ठरतो. मासा गळाला लागला आणि केबलभोवती फिरला, की दोरा व केबल यांचा गुंता होतो. म्हणून जाणकारांची रीत अशी, की पुष्कळ भोके पाडून शोध घ्यावयाचा तो ध्वनीच्या पेटीने, आणि ओळख पटवावयाची ती कॅमेऱ्याने. या दोन्ही यंत्रांना पायाखालच्या बर्फाचा भरवसा देता येत नाही. माणसाने चालण्यास नितळ, नवा बर्फ निदान ४ इंच हवा आणि पांढुरका बर्फ त्याच्या निम्म्याच ताकदीचा समजावा, असे मिनेसोटाचे निसर्गसंपदा खाते बजावते; आणि कोणताच बर्फ पूर्ण सुरक्षित नसतो, अशीही पुस्ती जोडते. २०२३-२४ चा हिवाळा तेथे इतका उबदार गेला की बर्फावरील मासेमारीच्या स्पर्धा रद्द कराव्या लागल्या. खाली पाहण्याचे साधन सुधारत असता उभे राहण्याची जागाच पातळ होत आहे, ही या छंदाची आजची विवंचना आहे.

एवढे सांगितल्यावर एक प्रश्न उरतोच. माशाला आपण दिसत नाही आणि मासा मात्र आपल्याला पडद्यावर दिसतो, हा न्याय झाला काय? काही जुनी माणसे म्हणतात, की अनुमानात जी मौज होती ती गेली. आम्हांस हा आक्षेप तितकासा गंभीर वाटत नाही. नकार देणारा मासा पडद्यावर दिसला म्हणून तो होकार देत नाही. खरा प्रश्न तळ्याच्या पोटाचा आहे. तळ्यातील मासे मोजके असतात, आणि हिवाळ्यात क्रॅपीसारखे मासे खोल जागी एकत्र जमतात. तो थवा एकदा सापडला, की थोड्या दिवसांत त्याची फार मोठी हानी होऊ शकते.

मिनेसोटातील रेड लेक या विस्तीर्ण सरोवराची कथा येथे स्मरणीय आहे. तेथे हानी कॅमेऱ्याने केली नाही; ती अतोनात मासेमारीने झाली. परंतु धडा तोच. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास तेथील वॉलआय जवळजवळ संपुष्टात आले. १९९९ मध्ये ओजिब्वे लोकांची रेड लेक जमात व सरकार यांनी मिळून मासेमारी बंद ठेवण्याचा करार केला, पिल्ले आणून सोडली आणि वाट पाहिली. २००६ साली, मोजून धरण्याच्या अटीवर, सरोवर पुन्हा खुले झाले. ब्लूगिलची हानी अधिक छुपी असते. मोठे नर घरट्यांची राखण करतात. लोक नेमके तेच उचलून नेतात. मग लहान नरांना वाढत राहण्याचे कारण उरत नाही. ते लवकर वयात येतात, खुजे राहतात, आणि तळे माशांनी भरलेले असूनही त्यात मोठा मासा दिसेनासा होतो. म्हणूनच २०२१ पासून मिनेसोटाने अनेक तळ्यांवर या माशांची दैनिक मर्यादा पाच किंवा दहावर आणली.

आता कोणी म्हणेल, धरलेला मासा परत सोडून दिला म्हणजे झाले. येथेही निसर्गाची अडचण आहे. पाण्यात सुमारे ३३ फूट खोल दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. वॉलआय, पर्च, क्रॅपी यांच्या पोटातील हवेची पिशवी बंदिस्त असते. मासा वेगाने वर ओढला की ती दुपटीने फुगते आणि आतील अवयव दाबले जातात. असा मासा भोकात परत सोडला, तरी तो पुष्कळदा खाली जाऊ शकत नाही किंवा जाऊनही मरतो. आपण त्याला जीवदान दिले अशा समाधानात घरी जातो, इतकेच.

आमच्या मते कॅमेऱ्याचा सर्वांत मोठा उपयोग येथे आहे, आणि त्याच्या जाहिरातीत तो क्वचितच सांगितला जातो. पडद्यावर लहान मासा आमिषाकडे येताना दिसला, तर आमिष हातभर वर उचलून घेता येते. खोल पाण्यात क्रॅपींचा थवा दिसला आणि घरच्या जेवणापुरते मासे मिळालेले असले, तर भोक सोडून उठता येते. नको ती जात, नको तो आकार, नको ती खोली हे सर्व गळ लागण्यापूर्वी ठरविता येते. ज्याला दिसत नव्हते त्याला निवड नव्हती. जे दोऱ्याला लागेल ते वर येत असे आणि मग पश्चात्तापाचा फारसा उपयोग नसे. ज्याला दिसते त्याला ‘हा नको’ म्हणण्याची सोय आहे, आणि म्हणून त्याच्यावर तसे म्हणण्याची जबाबदारीही आहे.

कायदा टोपलीतील मासे मोजू शकतो. पडद्यासमोर एकट्या बसलेल्या माणसाने आमिष वर उचलले की खाली सोडले, हे पाहण्यास त्या बर्फाळ माळावर कोणी येत नाही. तेथे त्याचा तोच साक्षी असतो. ज्या माणसाने त्या लहानशा उजळ चौकटीत मासा येताना, थबकताना आणि विचारात पडल्यासारखा मागे वळताना तासन्‌तास पाहिला आहे, त्याच्या मनात त्या प्राण्याविषयी थोडाफार आदर उत्पन्न व्हावा अशी आमची अपेक्षा आहे. सर्वांच्याच मनात तो होतो असे नाही. परंतु ज्यांच्या मनात होतो, त्यांच्या भरवशावरच ती तळी पुढल्या पिढीला माशांसह मिळावयाची आहेत.